ओकायामाला (कुराशिकी-मिझुशिमा) नोकरीसाठी जाण्याआधी काय काय माहीत करून घ्यावं?

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी. जपानमध्ये नोकरी ठरली आहे, वाहनांच्या सुट्या भागांच्या क्षेत्रात. ठिकाण ओकायामा प्रांत, कुराशिकी शहर, त्यातला मिझुशिमा हा कारखान्यांचा भाग. एप्रिलमध्ये रुजू व्हायचंय. सोबत बायको आणि ४ वर्षांची मुलगी. आम्ही शाकाहारी, अंडी चालतात. जपानी भाषेच्या परीक्षेतलं एन४ झालंय, एन३ चालू आहे.
टोकियो-योकोहामाबद्दल हवी तेवढी माहिती मिळते. ओकायामा म्हटलं की मात्र कोराकुएन बाग, पीच आणि मोमोतारोची (पीचमधून निघालेल्या मुलाची) गोष्ट, एवढंच. फिरायला नाही, राहायला जायचंय. त्या भागाची माहिती नेमकी कशी काढायची? घर कुठे बघू? गाडी लागेलच का? जाणकारांनी सांगावं.

पिवळा_डांबिस२
पु. ल. देशपांडे उद्यानात दोन चकरा मारा. ओकायामा बघून झालं. तुमच्या तर घराजवळच आहे.

चहा_बिनसाखरेचा
डांबिसराव विनोद करताहेत, पण दुवा खरा आहे. सिंहगड रस्त्यावरची ती बाग ओकायामाच्या कोराकुएनवरूनच बेतली आहे, पुणे-ओकायामा मैत्री उद्यान हेच तिचं दुसरं नाव. मूळ कोराकुएन १७०० साली पूर्ण झाली, जपानच्या तीन नावाजलेल्या बागांपैकी एक. ऑफिसात ओळख करून देताना 'आमच्या गावात तुमच्या कोराकुएनची धाकटी बहीण आहे' हे एक वाक्य जपानीत पाठ करून ठेवा. त्या भागात पुणं ठाऊक असण्याचं दुसरं कारण सहसा नसतं.

रेवदंडा
महाराष्ट्र सरकारचा करार आहे ना ओकायामाशी? अजिंठा-वेरूळवाला?

चहा_बिनसाखरेचा
@रेवदंडा तो वाकायामा. २०१३चा करार. वाकायामा ओसाकाच्या दक्षिणेला, ओकायामा पश्चिमेला. शिवाय तोयामा तिसरीकडेच आणि फुकुयामा ओकायामाच्या शेजारी पण हिरोशिमा प्रांतात. 'यामा' म्हणजे डोंगर, त्यामुळे आपल्याकडच्या 'गाव'सारखं आहे ते. तिकीट काढताना नीट वाचा.

खारजमीन
धागाकर्ते, प्रश्न चांगला विचारलाय, म्हणून जरा लांब लिहितो. ओकायामा समजून घ्यायचा तर बागेपासून नाही, चिखलापासून सुरुवात करा.

नकाशात कुराशिकीच्या आसपासची नावं बघा: मिझुशिमा, त्सुराजिमा, तामाशिमा, हायाशिमा, कोजिमा. 'शिमा' आणि 'जिमा' म्हणजे बेट. आज यातलं एकही बेट नाही. हा सगळा उथळ समुद्र होता. नद्यांचा गाळ साचत गेला आणि बांध घालून शतकानुशतकं जमीन मिळवली. आपल्याकडे कोकणात खारबंधारे घालून खारजमीन करतात तेच, पण प्रचंड प्रमाणावर. मिझुशिमा तर ताकाहाशी नदीची पूर्वेकडची शाखा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंद केली, तिच्या मुखापाशी वसलेलं. दुसऱ्या महायुद्धात तिथे विमानांचा कारखाना आला आणि युद्धानंतर पोलाद, तेलशुद्धीकरण, रसायनं, मोटारी.

आता यातून बाकीच्या गोष्टी कशा निघतात बघा. नव्या खारजमिनीत भात धड येत नाही, कापूस येतो, त्याला खार सोसतो. म्हणून इथे कापूस. कापूस म्हणून सूत, १८८८ साली कुराशिकीत सूतगिरणी. गिरणीच्या पैशातून ओहारा कला संग्रहालय (१९३०). कोजिमात जाड कापड विणायची सवय, म्हणून तिथे आधी पट्टे आणि ताबी मोजे, मग शाळेचे गणवेश आणि १९६५पासून जीन्स. आज लोक 'कोजिमा जीन्स' म्हणून हौसेने विकत घेतात, तिची मुळं मिठागराच्या चिखलात आहेत.

हे सगळं तुम्हाला कशाला? कारण घर शोधताना जमीन सपाट दिसली की ती कोणे एके काळी समुद्र होती असं धरून चाला. सखल आहे, भूकंपात माती पातळ होण्याचा धोका आहे आणि भाताच्या पाण्यासाठी कालवे जिकडेतिकडे आहेत. कालव्यांबद्दल कुणीतरी लिहाच, तो स्वतंत्र विषय आहे.

अर्धकच्चं_निहोंगो
लिहिते. ओकायामात रस्त्याच्या कडेला उघडे पाट असतात, जपानीत 'योसुइ'. एकट्या ओकायामा शहरात त्यांची लांबी सुमारे ४ हजार किमी भरते. बऱ्याच ठिकाणी ना कठडा, ना दिवा. इंटरनेटवर लोक त्यांना 'माणूसखाऊ पाट' म्हणतात आणि ती अतिशयोक्ती नाही, माणसं खरोखर पडून दगावतात.

कुठे घोटाळा होतो ते सांगते. रस्ता पाटाला लागून सरळ जातो आणि अचानक वळतो, पाट मात्र सरळच जातो. रात्री सायकलवर पुढचा रस्ता अंधारात तसाच पुढे जातोय असं वाटतं आणि चाक पाटात. जूनमध्ये लावणीसाठी पाट काठोकाठ भरतात, त्यात जोराचा पाऊस आला की रस्त्यावरचं पाणी आणि पाटाचं पाणी एकच दिसतं. हिवाळ्यात उलट, पाणी घोटाभर, म्हणून पडलात तर थेट काँक्रीटवर, दीड-दोन मीटर खाली.

४ वर्षांची मुलगी आहे म्हणून: घराच्या दारापासून बालवाडीपर्यंतचा रस्ता स्ट्रीट व्ह्यूवर पावलापावलाने 'चालून' बघा. एजंट कठड्याबद्दल आपणहून बोलत नाही. सायकलला हबमध्ये डायनामो असलेला दिवा घ्या, तो अंधार पडला की आपोआप लागतो.

पिवळा_डांबिस२
म्हणजे आपल्या मुठा कालव्यात पडण्याचा सराव कामाला येईल.

बारामतीचा_बबन
तिकडे पाऊस किती पडतो? सामानात रेनकोट न्यायचा का स्वेटर?

खारजमीन
@बबन दोन्ही, पण रेनकोट दुय्यम. ओकायामा स्वतःला 'हारे नो कुनी' म्हणवतो, म्हणजे लख्ख उन्हाचा मुलूख. वर्षभरात १ मिमीपेक्षा कमी पाऊस असलेल्या दिवसांत हा प्रांत देशात अगदी वरच्या नंबरात असतो. कारण तुम्हाला सांगायला नकोच, बारामतीचे आहात. उत्तरेला चुगोकु डोंगर, दक्षिणेला समुद्रापलीकडे शिकोकूचे डोंगर. हिवाळ्यातला बर्फ उत्तरेचे डोंगर अडवतात, उन्हाळ्यातले ढग दक्षिणेचे. दोन सह्याद्रींच्या मधली बारामती समजा. म्हणून पीच आणि द्राक्षं.

नाकेबंदी
इथे जरा थांबवतो. 'उन्हाचा मुलूख, आपत्ती नाहीत' हे वाक्य ओकायामात लोक स्वतःही म्हणत असत. जुलै २०१८ नंतर म्हणत नाहीत.

कुराशिकीतच माबी नावाचा भाग आहे. तिथे ओदा नदी ताकाहाशी नदीला मिळते. ओदाचा उतार अगदी कमी. ताकाहाशी फुगली की तिचं पाणी ओदाच्या तोंडाशी अडसर होऊन बसतं आणि ओदाचं पाणी मागे साचत जातं. त्या वेळी असंच झालं, बांध फुटले आणि माबीत काही ठिकाणी ५ मीटरपर्यंत पाणी चढलं, म्हणजे दुमजली घराच्या वरच्या मजल्यापर्यंत. पन्नासहून अधिक माणसं गेली.

यातली शिकण्याची गोष्ट म्हणजे शहराच्या धोका-नकाशात जो भाग बुडेल असं आधीच रंगवलं होतं, जवळजवळ तोच बुडाला. नकाशा बरोबर होता. बघितला फार थोड्यांनी. त्यानंतर दोन्ही नद्यांचा संगम ४.६ किमी खाली सरकवला, ते काम २०२४मध्ये पूर्ण झालं. तेव्हा माबी आज तेव्हासारखा नाही, हेही खरं.

व्यवहारात काय करायचं: ऑगस्ट २०२०पासून घर भाड्याने देतानाही, कराराआधीच्या 'जुयो जिको सेत्सुमेइ'मध्ये, पुराच्या धोका-नकाशावर घर कुठे आहे हे एजंटने दाखवणं सक्तीचं आहे. पण तोवर तुमचं मन बसलेलं असतं. त्याआधीच 'कासानेरु हझार्ड मॅप' या सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाका आणि पूर, भरती, त्सुनामी, दरड असे थर एकावर एक चढवून बघा. भूमापन खात्याच्या 'चिरिइन चिझु' नकाशावर बोट ठेवाल तिथली समुद्रसपाटीपासूनची उंची कळते, जुनी हवाई छायाचित्रंही दिसतात. १ मीटर, ०.५ मीटर, काही ठिकाणी उणे आकडे दिसतील. घाबरू नका, अर्ध्या दक्षिण ओकायामाची हीच कथा आहे. दुसरा-तिसरा मजला घ्या आणि पाणी आलं तर कुठे जायचं ते माहीत असू द्या.

खारजमीन
@नाकेबंदी मान्य. 'ऊन भरपूर' आणि 'पूर येत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मी पहिलीच म्हणालो होतो. पाऊस आपल्या गावात पडायला लागत नाही, नदीच्या उगमाकडे पडला तरी पुरतो.

पिंपळपान
विषय हलका करते. भाषा! एन३चं पुस्तक घोकून गेलात तरी पहिल्या दिवशी कारखान्यात काही कळणार नाही, कारण तिथे ओकायामा बोली चालते.

'आइ' चा 'एए' होतो. आकाइ (लाल) चं आकेए. 'फार' ला 'देएरेए' किंवा 'बोक्केए'. 'म्हणून' ला शेवटी 'केए'. आणि 'दा' च्या जागी 'जा'. त्यामुळे 'बरोबर आहे' म्हणायचं तर 'सो जा'. शेजारी सोजा नावाचं गावही आहे. हिंदी येणाऱ्यांनी रात्रपाळीत हे ऐकून खरंच झोपू नये.

फसवे शब्द जास्त महत्त्वाचे. 'एराइ' म्हणजे पुस्तकात 'थोर', इथे 'दमलोय, जड जातंय'. सहकारी 'एराइ' म्हणाला तर तो तुमचं कौतुक करत नाहीये, त्याला खुर्ची द्या. 'मेगेरु' पुस्तकात 'खचणं', इथे 'मोडणं'. यंत्र 'मेगेता' म्हणजे यंत्राला नैराश्य आलेलं नाही, मेंटेनन्सला फोन करा. 'तावान' म्हणजे हात पोचत नाही.

आणि एक गोष्ट मराठी माणसाला टोकियोवाल्यापेक्षा लवकर कळेल. प्रमाण जपानीत 'तोमात्तेइरु' हे एकच रूप 'थांबलंय' ला वापरतात. इथे दोन आहेत: 'तोमारियोरु' म्हणजे थांबत चाललंय, 'तोमात्तोरु' म्हणजे थांबून राहिलंय. तसंच पावसाचं, 'फुरियोरु' म्हणजे पडतोय, 'फुत्तोरु' म्हणजे पडून गेलाय, जमीन ओली आहे. आपल्या 'पडतोय' आणि 'पडलाय' सारखंच. यंत्राजवळ उभं असताना हा फरक ऐकू यायला हवा, कारण थांबत चाललेल्या यंत्रात हात घालायचा नसतो.

सिंहगडरोडकर
@पिंपळपान ताई, हे कुठल्याच क्लासात सांगितलं नव्हतं. वही काढली आहे.

शिफ्ट_बी
कारखान्याचं थोडं. जपानी कारखान्यात लाल कॅलेंडर वेगळं, कारखान्याचं वेगळं. सणवाराच्या सरकारी सुट्ट्यांना बहुतेक मोटार कारखाने चालू असतात आणि त्या सुट्ट्या एकत्र करून गोल्डन वीक, ऑगस्टमधला ओबोन आणि नववर्ष अशा तीन मोठ्या सुट्ट्या देतात. विमानाची तिकिटं हे कॅलेंडर हातात आल्यावरच काढा.
सकाळी रेडिओ-कवायत, मग चोरेइ म्हणजे छोटी सभा, मग 'केवाय': आजच्या कामात कुठे इजा होऊ शकते ते प्रत्येकाने बोलून दाखवायचं. नवीन माणसाला हटकून विचारतात. 'जमीन ओली आहे, घसरू शकतो, म्हणून पुसून घेतो' या साच्याची दहा वाक्यं तयार ठेवा. धोका, परिणाम, उपाय, एवढंच व्याकरण.

वळणावर_सिग्नल
गाडी लागेलच का? हो. कुराशिकी-शि स्टेशनवरून मिझुशिमाला रिंकाइ रेल्वे जाते, छोटी डिझेल गाडी, पण ती वस्तीपर्यंत, तुमच्या कारखान्याच्या फाटकापर्यंत नाही. शिफ्टचं काम असेल तर पहिली आणि शेवटची गाडी किती वाजता ते आधी बघा.

क्रम असा ठेवा. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो जपानमध्ये उतरल्यापासून जास्तीत जास्त १ वर्ष चालतो. मध्ये महिनाभर भारतात जाऊन आलात म्हणून वर्ष नव्याने सुरू होत नाही, त्यासाठी सलग ३ महिने बाहेर राहावं लागतं. तेव्हा वर्षाच्या आत 'गाइमेन किरिकाए', म्हणजे भारतीय परवान्याचं जपानीत रूपांतर करून टाका.

लागणाऱ्या गोष्टी: भारतीय परवाना मिळाल्यानंतर किमान ३ महिने भारतात राहिल्याचा पुरावा (जुना पासपोर्टही न्या), 'जाफ' या जपानच्या वाहनचालक संघटनेकडून परवान्याचं जपानी भाषांतर, रहिवासी दाखला. इथे अडतं ते असं: परवाना नूतनीकरण करून नवं कार्ड आलं असेल आणि त्यावर पहिल्यांदा परवाना मिळाल्याची तारीख स्पष्ट नसेल, तर ३ महिन्यांचा हिशेब लागत नाही. पुण्यातून निघायच्या आधीच आरटीओकडून परवान्याचा तपशील लिहून घ्या. तिकडून मागवणं म्हणजे डोकेदुखी.

ऑक्टोबर २०२५पासून लेखी परीक्षा कडक झाली. पूर्वी १० प्रश्न होते, आता ५० आणि त्यांपैकी ४५ बरोबर यावे लागतात. प्रत्यक्ष चाचणीत आपले लोक गाडी येत नाही म्हणून नापास होत नाहीत, तर मान वळत नाही म्हणून होतात. डावीकडे वळताना: आरसा, डाव्या खांद्यावरून मागे बघणं, सिग्नल, गाडी हळूहळू डाव्या कडेला चिकटवणं (दुचाकी मध्ये शिरू नये म्हणून), पुन्हा मागे बघणं, मग वळणं. हे परीक्षकाला दिसेल इतकं ठळक करा. 'थांबा' पाटीवर चाक पूर्ण थांबलं पाहिजे, रेषेच्या अलीकडे. परवाना केंद्र ओकायामा शहराच्या उत्तरेला मित्सु भागात आहे, एक दिवस मोडतोच.

चहा_बिनसाखरेचा
आणि ओकायामाची माणसं सिग्नल देत नाहीत अशी देशभर ख्याती आहे, तेही सांगा!

वळणावर_सिग्नल
तेच माझं टोपणनाव का आहे वाटतं? २०१६च्या जाफच्या पाहणीत या बाबतीत ओकायामाचं नाव बदनाम प्रांतांत सगळ्यात पुढे होतं. रस्त्यावर चक्क एक चांदणी आणि 'आइझु' म्हणजे 'इशारा' असा शब्द रंगवलेला दिसतो, इथून सिग्नल द्यायला लागा अशी आठवण. नियमाने वळणाच्या ३० मीटर आधी. म्हणजे समोरच्या गाडीचा दिवा लागला नाही म्हणून ती सरळ जाणार, असं गृहीत धरू नका. पुण्यात चालवलंय ना, मग जमेल.

कढईकाकू
स्वयंपाकघर कुणीच लिहिलं नाही अजून, म्हणून मी.

१) वीज १०० व्होल्ट. आपला ७५० वॅटचा मिक्सर थेट लावला तर कण्हतो आणि फिरत नाही. स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो, १५०० वॅटचा घ्या. ७५० चा घेतलात तर सुरू होतानाच्या झटक्याला तो गरम होऊन बंद पडतो. भिंतीतल्या एका जागेची क्षमता १५ अँपिअर, म्हणजे १५०० वॅटच, तेव्हा त्याच बोर्डावर केटल लावू नका.

२) गॅस दोन प्रकारचा, शहरी नळाचा आणि एलपी. शेगड्या वेगवेगळ्या असतात, एकाची दुसऱ्याला चालत नाही. एलपीच्या घरात नळाच्या गॅसची जुनी शेगडी स्वस्तात मिळाली म्हणून लावली तर ज्योत भडकते. घर ठरल्यावरच शेगडी घ्या, बरीच घरं शेगडीविना मिळतात. एलपीचं बिल नळाच्या गॅसपेक्षा बरंच जास्त येतं, भाडं कमी दिसलं की गॅस कोणता ते विचारा.

३) फुलके! २००८नंतरच्या घरगुती शेगड्यांत बर्नरच्या मध्ये एक उभी गोल खुंटी असते, ती भांड्याच्या बुडाला टेकून तापमान मोजते. साधारण २५० अंशाला पोचलं की ज्योत आपोआप बारीक होते किंवा विझते. कोरडा तवा तापत ठेवला, फुलका जाळावर धरला की नेमकं हेच होतं आणि नवी मंडळी शेगडी बिघडली म्हणून दुकानात जातात. पुढच्या बाजूला 'आबुरि' किंवा 'कोओन इतामे' लिहिलेलं बटण बघा, ते काही सेकंद दाबून धरलं की मर्यादा वाढते. फुलके, भाकरी, वांगं भाजणं त्यावरच. पापडाला साधी जाळी.

४) इंडक्शनचं घर असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर निरुपयोगी. लोहचुंबक चिकटतो का बघून स्टीलचा न्या.

शाकाहारी म्हणून: मांस दिसतं, ओळखता येतं. खरा प्रश्न 'दाशि'चा, म्हणजे मासळीच्या पाण्याचा. मिसो सूप, उदोनचं पाणी, तळलेल्या टोफूवरचा रस, शिजवलेल्या भाज्या, सगळ्यांत कात्सुओ नावाचा मासा असतो. 'मांस नको' म्हटलं की ते मासा देतात, 'मासा नको' म्हटलं तरी दाशि राहतेच. 'कात्सुओ दाशि मो दामे' असं वेगळं सांगावं लागतं. डाळी, मसाले, गोठवलेली भेंडी 'ग्योमु सुपर'मध्ये बघा. हिंग, गोडा मसाला, पोहे इथूनच न्या.

रेवदंडा
किबिदांगो चालतील का शाकाहारींना? मोमोतारोच्या गोष्टीतले गोड गोळे?

कढईकाकू
चालतात. चिकट तांदळाचं पीठ आणि साखर, किबि म्हणजे आपल्या वरीच्या जातीचं धान्य, हल्ली नावापुरतं. किबि हे या मुलखाचं जुनं नावही आहे, दोन्हीवर कोटी आहे ती. मऊ असतात, म्हाताऱ्यांना आवडतील.

बारामतीचा_बबन
आणि पीच कितीला? बारामतीच्या पेरूची सर असेल का त्याला?

देवघर_संपादक
बबन, फळांचा वेगळा धागा आहे. इथे राहण्याबद्दलच लिहूया.

पै_पै_चा_हिशेब
पैशांचं. पहिल्या वर्षी हातात येणारा पगार बघून खर्च बसवू नका. आरोग्य विमा, पेन्शन, रोजगार विमा मिळून साधारण १५ टक्के जातात आणि वर आयकर. रहिवासी कर, म्हणजे 'जुमिनझेइ', आदल्या वर्षाच्या मिळकतीवर लागतो. पहिल्या वर्षी शून्य, दुसऱ्या वर्षाच्या जूनपासून ढोबळ १० टक्क्यांच्या हिशेबाने कापायला सुरुवात. नेमकं याच सुमारास लोक गाडीचा हप्ता घेतात.

घर घेताना सुरुवातीलाच ४-५ महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम लागते: अनामत, 'रेइकिन' (ही परत मिळत नाही), एजंट, हमी कंपनी, आगीचा विमा, कुलूप बदलणं, पहिलं भाडं. कंपनीचं घर मिळत असेल तर निदान सहा महिने तिथेच राहा.

बँक: 'चुगोकु गिंको' ही पाटी बघून चिनी बँक समजू नका. चुगोकु म्हणजे इथला पश्चिमेकडचा विभाग, अक्षरं मात्र चीनचीच. आणि 'तोमातो गिंको', टोमॅटो बँक, ही चेष्टा नाही, १९८९पासून याच नावाची खरीखुरी बँक आहे.

पिवळा_डांबिस२
तिथे कर्ज बुडालं की चटणी करतात का?

लगोरी
मुलीसाठी. होइकुएन (पाळणाघरासारखं, दोघं नोकरी करत असतील तर) आणि योचिएन (बालवाडी, तशी अट नाही) यांतला फरक समजून घ्या. १ एप्रिलला तिला ४ पूर्ण असतील तर मधला वर्ग, 'नेन्च्यू'. ऑक्टोबर २०१९पासून ३ ते ५ वर्षांच्या मुलांची फी माफ आहे, खासगी योचिएनला महिना २५,७०० येनपर्यंत. डबा, बस, गणवेश वेगळे. बायकोला आश्रित व्हिसावर काम करायचं तर परवानगी काढून आठवड्याला २८ तास.
जेवणाचं पहिल्याच भेटीत बोला. शाळा 'ॲलर्जी' समजते, 'शाकाहार' समजायला वेळ घेते. रोज घरून डबा चालेल का असा थेट प्रश्न विचारा, खोटी ॲलर्जी सांगू नका, डॉक्टरचा दाखला मागतात.

अर्धकच्चं_निहोंगो
उतरताना कानसाइ विमानतळ धरा. तिथे रहिवासी कार्ड लगेच हातात मिळतं. तिथून शिन-ओसाका आणि शिन-ओसाकाहून शिंकानसेनने (बुलेट ट्रेनने) ओकायामा पाऊण तासात. ओकायामाच्या मोमोतारो विमानतळावर कार्ड मिळत नाही, नंतर टपालाने येतं आणि तोवर बँक, फोन सगळं खोळंबतं. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत शहर कार्यालयात पत्ता नोंदवायचा. हो, कचरा: ओकायामा शहरात पैसे मोजून पिवळ्या पिशव्या घ्याव्या लागतात, कुराशिकीत साध्या पारदर्शक चालतात. शहर बदललं की नियम बदलला.

सिंहगडरोडकर
सगळ्यांचे आभार, इतकं अपेक्षित नव्हतं. मूळ प्रश्नाकडे येतो, दोन घरं समोर आहेत:
अ) मिझुशिमाजवळ त्सुराजिमाच्या टेकडीखाली, तळमजला, ५२ हजार येन, एलपी गॅस, पार्किंग त्यातच.
ब) नाकाशो स्टेशनजवळ, तिसरा मजला, ६५ हजार, नळाचा गॅस, पार्किंग ५ हजार वेगळं.
अ पासून कारखाना गाडीने १० मिनिटं, ब पासून ३५.

नाकेबंदी
अ चा पत्ता नकाशावर टाकलात का? 'टेकडीखाली' म्हणजे वर दरडीचा थर आणि खाली पुराचा थर, दोन्ही असू शकतात. त्सुराजिमा बेट होतं, म्हणजे टेकडी संपते तिथे समुद्र सुरू होत होता. त्यात तळमजला.

शिफ्ट_बी
३५ मिनिटं कुठल्या वेळेची? मिझुशिमाचे सगळे कारखाने साधारण एकाच वेळी सुरू होतात. नकाशात निघायची वेळ मंगळवार सकाळी ७ टाकून पुन्हा बघा, ५०-५५ दाखवेल.

लगोरी
तरी ब. तुम्ही गाडी घेऊन गेल्यावर दिवसभर बायको-मुलगी काय करणार? नाकाशोहून लोकलने कुराशिकी एकच स्टेशन, दुसऱ्या बाजूला ओकायामा. अ ला दुसरी गाडी घ्यावी लागेल, मग १३ हजारांची बचत कुठे राहिली?

पै_पै_चा_हिशेब
बचत १८ हजारांची, लगोरीताई, पार्किंगसकट. एलपीचा फरक हिवाळ्यात महिना ५-६ हजार धरा. उरले १२. दुसऱ्या गाडीचा विमा, तपासणी, कर, पेट्रोल यात ते संपतात. ब.

सिंहगडरोडकर
ब चा रस्ता स्ट्रीट व्ह्यूवर चाललो. इमारत आणि पार्किंग यांच्या मध्ये पाट आहे. कठडा नाही, वर एक लोखंडी जाळीचा पूल, दीडेक मीटर रुंद.

अर्धकच्चं_निहोंगो
एजंटला तीन गोष्टी विचारा. पार्किंगची कोणती जागा रिकामी आहे, पाटाच्या बाजूची की भिंतीकडची. पुलापाशी रात्री दिवा असतो का. आणि कठड्यासाठी मालकाकडे कुणी मागणी केली आहे का, वसाहतीत लहान मुलं असतील तर केलेली असते. भिंतीकडची जागा मिळाली तर घ्या. पाटाकडचीच असेल तर मुलीला पाटापासून लांब, रस्त्याकडे उतरवा.

सिंहगडरोडकर
मेल टाकला. भिंतीकडची ७ नंबरची जागा रिकामी आहे असं उत्तर आलंय. दिव्याचं विचारून सांगतो म्हणाले.